दोन्काबाईंचा दुभाषी

रुसे शहरात मेलेल्या माणसालाही भिंतीवर हजेरी लावावी लागते. गेल्यावर एकदा, चाळिसाव्या दिवशी पुन्हा, मग वर्षाच्या वर्षाला. भिंतींवर चिकटवायची ती मृतांची फोटोवाली पत्रकं छापणाऱ्या दोन्काबाई हाताने चोख, तोंडाने फटकळ. नवरा पेन्यो दुकानाच्या कोपऱ्यात कॉफी पीत बसायचा. 'खायला काळ आणि भुईला भार,' असं त्या त्याच्या तोंडावर म्हणत.

यंदा कॉम्प्युटर नवा आला, पण पत्रकं जुळवायचा प्रोग्राम पंधरा वर्षांपूर्वीचाच. त्रिफोनच्या सणाला पेन्यो द्राक्षवेली छाटायला, म्हणजे मुख्यतः वाईन प्यायला गेला. तू नसलास तरी दुकानाचं काही अडत नाही, असं बाईंनी त्याला जाता जाता ऐकवलं. मग नवा कॉम्प्युटर का रेंगाळतोय ते बघायला त्यांनी चालू कामांची यादी उघडली. तिथं एक अनोळखी नाव, न बोलावता मेमरी खात बसलेलं. त्यांनी ते बंद केलं, तर प्रोग्रामही गेला. प्रोग्राम उघडला की पाहुणा पुन्हा हजर. चारदा हाकलला.

शेवटी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या इस्क्राला फोन लावला.

"बसू दे त्याला, मावशी," इस्क्रा म्हणाली. "तुझा प्रोग्राम जुन्या मशीनचीच भाषा बोलतो. हा मधे बसून नव्याला समजावून सांगतो. दिसतो रिकामटेकडा, पण तो उठला की तुझं काम बसलं."

तेवढ्यात शेजारची गिनका आली. तिच्या गेलेल्या नवऱ्याचा, कोल्योचा, चाळिसावा दिवस रविवारी, पत्रकं आजच हवी होती. त्यात 'कष्टाळू' लिही, म्हणाली.

"कोल्यो आणि कष्टाळू?" दोन्काबाई म्हणाल्या. "लोक म्हणतील, फोटो चुकला."

गिनकाचे डोळे भरले. फोटो उचलून ती निघून गेली. बाईंना असं म्हणायचंच नव्हतं. कोल्यो त्यांनाही आवडायचा. त्यांनी सवयीनं कोपऱ्याकडे पाहिलं, खुर्ची रिकामी होती. असं झालं की दरवेळी तिथूनच पेन्योचं 'तिचं म्हणणं असं, की' सुरू व्हायचं. बाईंना चटका बसला. त्यांनी पेन्योला फोन केला.

तासाभरात वाईनचा वास आणि गिनका, दोघांना घेऊन पेन्यो दारात उभा राहिला. गिनकानं त्यालाच विचारलं, हिला काय म्हणायचं होतं?

"तिचं म्हणणं असं, की कष्टाळू कुणीही असतं. कोल्योसारखं हसवणारा गल्लीत दुसरा नव्हता. तेच लिहू."

गिनका रडता रडता हसली. दोन्काबाईंनी तेच छापलं, कॉफी ओतली आणि कप पेन्योपुढे आदळला.

"भुईला भार."

"म्हणतेय," पेन्योनं गिनकाला सांगितलं, "मी नव्हतो तर हिला करमेना."

दोन्काबाईंनी ते खोडून काढलं नाही.