काकूंचं भाषांतर

काकू दुपारी औषधांच्या दुकानात काम करत आणि सकाळी कॉलेजात जात. हजेरीपटावर नाव मात्र मुलीचं. मुलगी जन्मापासून बहिरी. सर बांधकामाचे धडे तोंडानं शिकवत आणि काकू तिच्यासमोर बसून ते हातांनी सांगत. वर्षभरात तुळया, खांब, पाया असं सगळं काकूंना इतकं पाठ झालं की परीक्षेच्या आदल्या दिवशी वर्गातली पोरं शंका विचारायला त्यांच्याचभोवती गोळा होत.

आणि लेकीनं काय करावं? बहिऱ्या विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी मदत देणाऱ्या एका निधीकडे परस्पर अर्ज केला. वर्गात पगारी दुभाषी हवा म्हणून. काकूंना एकच काळजी. परका माणूस पोरीला सांभाळून घेईल का? माझं काय चुकलं, असं त्यांनी विचारूनही पाहिलं. लेकीनं हसून विषय बदलला.

मुलाखतीच्या दिवशी निधीचा दुभाषी नेमका तापानं फणफणलेला. मग आईच सांगतील, असं ठरलं. अध्यक्षबाईंनी विचारलं, "आई आहेतच की, तेही बिनपैशाच्या. मग निधीनं खर्च कशाला करायचा?"

मुलीचे हात भराभर चालू लागले. समोर खुणांची भाषा कुणालाच येत नव्हती. 'आईच बरी' एवढं म्हटलं असतं तरी खपलं असतं, आणि लेक शेजारीच राहिली असती. मुलीचे हात थांबले. ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

काकूंनी घसा खाकरला. "ती म्हणते, आई गाळून सांगते. सर मला ओरडले की ही सांगते, जरा लक्ष दे म्हणाले. सगळा वर्ग हसला की म्हणते, काही विशेष नाही. आणि..." त्या जरा अडखळल्या. "आणि पोरं माझ्याशी बोलायचं सोडून आईशीच गप्पा मारतात."

"हे सगळं तिनंच सांगितलं?" बाईंनी हसू दाबत विचारलं.

"शब्द न् शब्द. आज पहिल्यांदाच."

मदत मंजूर झाली. नवा दुभाषी रुजू झाला त्या दिवशी काकूंनी घरातलं एकही कपाट आवरायचं ठेवलं नाही. संध्याकाळी लेक आली ती पोट धरून हसतच, आणि सरांनी वर्गात केलेला विनोद तिनं हातांनी रंगवून सांगितला.

तोच टुकार विनोद सरांनी गेल्या वर्षी तीनदा केला होता आणि काकूंनी तिन्ही वेळा तो गाळला होता. काकू पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.