पोळ्याची कर अन् कौसाचा ग्लास

भाजीबाजारात सांजच्याले झाडू फिरला का दोन ढीग निंघते. एक सडक्या पाल्याचा, दुसरा किस्स्यांचा. पाला म्युन्सिपालटीची गाडी नेते. किस्से कोनी नेत नाही, ते माह्या काट्याखाली साचते.

मी गुलाबराव, अकोल्याच्या बाजारातला काटेवाला. शाळा चौथीपर्यंत, तेही मास्तरच्या घरी फुकट भाजी पोचवाची होती म्हनून. आता घुटने गेले, दात गेले, तोंड तेवढं शाबूत हाय. बायांची पाळी, बायांची दारू असल्या गोष्टीची ज्याले लाज वाटते, त्यानं इथंच थांबावं अन् घरी जाऊन बायकोले इचारावं. थे माह्याहून जास्त सांगते का नाही पाहा!

पहिले कायदा समजून घ्या, नाहीतं पुढचं डोक्यावरून जाईल.

आमची बुढी, म्हनजे माही बायको कौसा, वांगे विकते. तिच्या बाजूले शेवंता, बाळापूरची, झेंडूवाली. बाजारात बायांची एक लाईन हाय, अन् त्या लाईनीची एक मुकादमीन राह्यते. टिनाच्या सावलीत कोन बसन अन् मागं कचऱ्याजवळ उन्हात कोन बसन, हे तिनं ठरवाचं. तिच्या शब्दापुढं यापारीही बोलत नाही.

ही मुकादमीन निवडते पोळ्याच्या करीले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कर. घरोघरी मटन शिजते, बाजार बंद. बाया शेवंताच्या वावरात जमते, गोल करून बसते. हरेकीनं एक ग्लास प्याचा अन् उखान्यात नवऱ्याचं नाव घ्याचं. सगळ्यायचे नावं झाले का दुसरा ग्लास. जिची जीभ अडखळली, थे गोलातून बाहेर. शेवटी उरन थे मुकादमीन. उखाना चालू असला का मधात कोनी बोलाचं नाही. अन् मुकादमीन ठरल्याबिगर मटनाच्या गंजावरचं झाकन उघडाचं नाही.

तिथं माप भराले गडी एकच, मी. कारन माह्या हातावर साऱ्या बाजाराचा भरोसा हाय.

कौसा या गोलात कधी हारली नाही, म्हनून वीस सालापासून मुकादमीन थेच. एक साली शेवंताच्या नवऱ्यानं मिशीवर ताव देल्ला, "वयनी, एक डाव माह्यासंगं बसून पाहा!" बसली. तो गडी गव्हानीत आडवा झाला. उठला तं कौसा म्हैस दोहून, चहा करून समोर उभी.

त्यानं डोळे चोळत इचारलं, "कोन जितलं?"

कौसा म्हने, "म्हैस! तिनं थेंबभर घेतली नाही."

*

अशी ही बाई. तिले कधी काही होईन असं मले वाटलंच नव्हतं.

आमची पोरगी अमरावतीले देल्ली हाय. तिच्या देराच्या हळदीले आमी गेलो. तिथली विहीनबाई मॉडर्न. आतल्या खोलीत स्टीलच्या ग्लासात बीर घेऊन आली. "घ्या हो विहीनबाई, हलकी असते."

कौसानं वास घेतला. "हे काय, वासराले पाजाची हाय का?"

अर्धा ग्लास. फक्त अर्धा! तिचं तोंड पिकल्या भेदरासारखं, म्हनजे तुमच्या टमाट्यासारखं, लाल. कपाळावरून घामाच्या धारा. उठली ते सीधी मांडवात गेली अन् नवरदेवासमोरचा कूलर धरून आपल्याकडं फिरवला.

विहीनबाई मांगं पळत आली. "अहो, नवरदेवाले गरम होऊन राहिलं ना!"

"होऊ द्या!" कौसा म्हने. "आजपासून जनमभर होनार हाय, सवय लागली पाह्यजे!"

साऱ्या मांडवात हासू. मीही हासलो. मनात म्हनलं, बीर शिळी असन.

*

मंग घरीही तेच. शनिवारी आमी दोघं एक पव्वा वाटून घेतो, लग्नाच्या दुसऱ्या सालापासूनचा रिवाज. पहिले तिचा वाटा संपे अन् थे माह्या ग्लासाकडं पाहे. आता तिचा वाटा अर्ध्यात थांबे. डोळे लाल, छातीत धडधड, अन् एक डाव तं भाकरीच्या परातीलेच टेकून झोपली.

तिनं साफ सांगतलं, "हा दुकानदार गडबड करून राहिला."

दुसऱ्या दिवशी देशीच्या दुकानात जाऊन तिनं काउंटरवर हात आपटला. "काहून रे, यात काय मिसळतं तू? अर्ध्यातच चढते!"

दुकानदारानं हातच जोडले. "मावशी, इतके साल धंदा करून राहिलो. चढत नाही म्हनून भांडनारे रोज येते. जास्त चढते म्हनून भांडनारं गिऱ्हाईक तुमीच पहिले!"

मांगं रांगेत उभे होते ते सारे एका दमात वरडले, "भाऊ, त्यातलीच दे आमाले!"

*

पोरीनं आयकलं अन् मायले धरून अमरावतीच्या लेडी डॉक्टरकडं नेलं. मी पिशवी धराले संगं.

डॉक्टरीन पोरसवदा, पन समजदार. तिनं सारं इचारलं. पाळी कधी गेली, झोप लागते का, आंगातून वाफा निंघते का. कौसा म्हने, "वाफा? बाई, आंगावर पापड ठेवला तं भाजून निंघन!"

मंग डॉक्टरीननं समजावलं. "मावशी, पाळी गेली की शरीरातलं पाणी कमी होतं. पाणी कमी म्हणजे दारू तेवढीच घेतली तरी रक्तात ती जास्त कडक होते. वरून अंगातल्या वाफा वाढतात, झोप मोडते, हाडं ठिसूळ होतात."

कौसानं हिशेब लावला. "म्हनजे पहिले दोन ग्लासात व्हाचं ते आता एकात होते?"

"तसंच समजा."

"मंग हा तं फायदाच झाला ना वं बाई!"

डॉक्टरीननं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "फायदा नाही मावशी. बंद करा."

कौसा बोटं मोजू लागली. मंग म्हने, "पाळी बंद झाली. झोप बंद झाली. आता हेही बंद. मंग चालू काय ठेवू, निसतं या बुढ्याचं तोंड?"

डॉक्टरीन माह्याकडं वळली. "तुम्ही किती घेता, काका?"

मी म्हनलं, "माही पाळी गेली नाही, मले काहून इचारता?"

पोरीनं मले बाहेर बसवलं.

*

बाजारात ही गोष्ट कौसानं फक्त शेवंताले सांगतली, तेही कानात. शेवंताच्या डोळ्यात पानी. "बाई वं, माहं तं दोन सालापासून असंच हाय. मले वाटलं मलेच काही रोग झाला! दोन करी झाल्या, ग्लास तोंडाले लावतो अन् हळूच मांगच्या झेंडूत ओततो."

कौसा म्हने, "म्हनूनच तुहे हार गनपतीच्या गळ्यात वाकडे लटकते!"

पन ह्या शेवंताले कोन्या शहान्यानं सांगतलं होतं का घोटभर घेतली का झोप येते अन् वाफा बसते. उन्हाळ्यात एक दिवस दुपारी तिनं घेतला घोट. झोप राह्यली बाजूले, आंगाची भट्टी झाली! बाई बाजारातून गायब. आमी साऱ्या लाईनीत पाह्यलं, संडासात पाह्यलं, ठेसनापर्यंत मानूस धाडला.

सापडली कुठं? यापाऱ्याच्या कोल्ड स्टोरेजमंधी. गाजराच्या पोत्यावर आडवी, तोंडावर पदर, मस्त घोरून राहिली.

यापारी वरडला, "बाई, उठा! माल खराब होईन!"

शेवंता डोळे न उघडता म्हने, "गाजरं बाहेर काढा. मी बिघडाच्या लायक हाय."

*

आता यंदाची कर.

शेवंताची सून सुमन. पस्तिशीची, चपळ, मोबाईलवर पैसे घेनारी. वाईट नाही पोरगी, पन जिभेले हाड नाही. पोळ्याच्या आधी तिनं साऱ्या लाईनीत सांगतलं, "यंदा मुकादमीन मी. नव्या गिऱ्हाइकाले समोर ताजा चेहरा पाह्यजे. टिनाखाली आमी बसू, बुढ्या मांगं कचऱ्याजवळ. अन् आमच्या सासूबाई तं घरीच बसतीन."

शेवंतानं झेंडूचं टोपलं समोर ओढलं. झेंडूच्या पाकळ्या तोडत बसली. एका हाराचे झेंडू तिनं सारे तोडून टाकले.

कौसानं त्या दिवशी वांग्याचा भाव दोनदा चुकीचा सांगतला. मी समजलो. जितक्या बुढ्या टिनाखाली बसल्या होत्या, त्या साऱ्या हिच्या एका ग्लासावर बसल्या होत्या. अन् ग्लास तं अर्ध्यातच तिले पाडे!

घरी मी म्हनलं, "कौसे, माप माह्या हातात हाय. तुह्या ग्लासात पानी भरतो. कोनाले समजत नाही."

तिनं असं पाह्यलं का मले माही माय आठवली. "आजवर तुमच्या काट्याले कोनी बोट दाखवलं नाही. आता बायकोपाई दाखवू देता? सारखं भरजा. पहिला ग्लास तं माहाच हाय."

करीच्या दिवशी शेवंताच्या वावरात गोल बसला. गंजात मटन रटरटून राहिलं होतं. सुमन सकाळपासून उपाशी, मटनासाठी पोटात जागा ठेवून आलेली. मी माप भरलं, सारखं, एक थेंब इकडं नाही का तिकडं नाही.

कायद्यानं जुन्या मुकादमीनीनं सुरुवात कराची. कौसानं ग्लास उचलला अन् साऱ्यायच्या समोर एका दमात खाली केला. दोन मिनिटात तोंड भेदरासारखं लाल. पदरानं वारा घेऊ लागली. सुमननं बाजूच्या बाईले कोपरखळी मारली.

कौसानं डोळे मिटले अन् सुरू केलं,

"बाळापूरच्या मांडवात वाजली सनई,
नवरदेव पाहून माही माय म्हने, नाई!"

बाया हासल्या. सुमनही हासली. आता नाव येईन म्हनून वाट पाहू लागली. नाव काही आलं नाही.

"चौथीतून पळाला, काट्यावर बसला,
माल पाहून रडला, गिऱ्हाईक पाहून हसला!

सांभाराची जुडी, मेथीची जुडी,
काल होती पोरगी, आज झाली बुढी!

पाळी गेली, झोप गेली, गेले डोक्याचे केस,
आंगात असा जाळ पेटते, वाचून जाते गॅस!"

बुढ्या टाळ्या वाजवू लागल्या. कौसा थांबाचं नावच घेईना. मांडवातून निंघाली ते बाळंतपनात गेली, बाळंतपनातून बाजारात आली, बाजारातल्या हरेक यापाऱ्याची टर उडवली, माह्या घोरन्यावर दोन कडवे, माह्या पायजाम्याच्या नाड्यावर एक. अमरावतीची विहीनबाई आली, कूलर आला, डॉक्टरीन आली. यमक एक जागी चुकलं नाही. जीभ एक जागी अडखळली नाही. फक्त नवऱ्याचं नाव येऊन नाही राह्यलं!

सुमन चुळबुळ करू लागली. तिचा ग्लास भरलेला, हातात, पन आपली बारी आल्याबिगर पेता येत नाही. नाव आल्याबिगर उखाना संपत नाही, अन् मधात बोलता येत नाही. गंजातून खमंग वास येऊन राहिला. ऊन बांधावरून उतरलं. बैलं घराकडं वळले. मी गंजाखालचं एक लाकूड मांगं ओढलं, नाहीतं मटनाचं भरीत झालं असतं.

कौसानं डोळे मिटूनच म्हनलं,

"वीस साल सावली वाटली, कोनाले नाही ऊन,
म्हाताऱ्यायले उन्हात बसवीन म्हने शेवंताची सून!"

कोनी हासलं नाही. शेवंतानं पदर तोंडाले लावला. सुमननं ग्लासात पाह्यलं.

कौसानं दम घेतला अन् पुढचं उचललं,

"काट्याच्या एका पारड्यात वांगे, दुसऱ्यात हाय माप…"

"मावशी!" सुमन वरडली. मोडला कायदा. "पाया पडतो तुमच्या! घ्या मुकादमी, बसा टिनाखाली, सासूबाईलेही बसवा! पन आता मटन वाढा वं माय!"

एकदम कल्ला झाला. शेवंतानं गंजाचं झाकन उघडलं अन् पहिलं ताट सुनेसमोरच ठेवलं. सुमननं तो भरलेला ग्लास झेंडूत ओतला, म्हने, "भुकेनं जीव चालला माहा, दारू काय पेऊ!"

परतताना टेम्पोत कौसा माह्या खांद्याले टेकून बसली. तोंड अजून लालच. मी इचारलं, "कौसे, खरं सांग. चढली होती का नाही?"

थे झोपली होती. का झोपल्यासारखी होती, ते मले समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार उघडला. टिनाखाली शेवंता आपल्या जाग्यावर, सुमन तिच्या बाजूले हार गुंफत. कौसा डोक्यावर टोपलं घेऊन आली, वांगे धपकन माह्या पारड्यात टाकले.

मी म्हनलं, "काल तुहा उखाना अर्धाच राह्यला, 'दुसऱ्यात हाय माप'वर."

कौसानं इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, कंबरेवर हात ठेवला अन् साऱ्या लाईनीले आयकू जाईन असं म्हनलं,

"गुलाबरावाचं नाव घेतो, आता तोला चूपचाप!"