रजनीचा गडू

सुधाकरची बँकेतली बदली कोलकात्याला झाली, तेव्हापासून रजनीच्या मागे सांगलीहून सासरचा एकच लकडा: येताना गंगा आण. पहिल्या वर्षी ती बेहालातल्या घरून हौसेनं घाटावर गेलीही. पायरीला लागूनच गटाराचं तोंड, पाण्यावर कुजके हार आणि फुगलेलं कुत्रं. गडू रिकामाच घेऊन ती परतली, घरचं नळाचं पाणी उकळून त्यात भरलं आणि झाकणाला लाख लावली. नळालाही शेवटी हुगळी, म्हणजे गंगाच येते की, आंघोळ करून! मनाची समजूत घालायला रजनी पटाईत. सुधाकरलाही तिनं थांगपत्ता लागू दिला नाही. पुढे सासरे गेले, त्यांच्या तोंडात त्याच गडूतलं पाणी पडलं. तेव्हा मात्र ती आतून हलली होती.

आज सांगलीला गंगापूजन होतं. सासूबाई, प्रेमलताबाई, केमो संपवून घरी आल्या होत्या. तीर्थ घेऊनच अन्नाला शिवेन, असा त्यांचा नवस. आणि डॉक्टरांनी तर बजावलेलं, उकळल्याशिवाय पाण्याचा थेंब नको, साधा जंतूही यांना झेपणार नाही. इकडे कोलकात्यात रजनी निर्धास्त होती. सुधाकरबरोबर गडू तिनंच भरून दिला होता.

सुधाकरचा फोन आला. तो हळू आवाजात म्हणाला, "पूजा आटोपली. अगं, तुझा गडू टॅक्सीतच गळला. हावड्याला गाडीआधी घाटावर जाऊन मीच भरला. आईला बोललो नाही, उगाच म्हणेल सुनेला धड लाख लावता येत नाही."

रजनी ओरडली, "अहो, त्यांना देऊ नका ते! विष आहे!"

"सकाळीच सांगून बघितलं, उकळून घे. गंगा कधी बाटते का, म्हणाली. पळी हातात घेतलीय तिनं."

प्रेमलताबाईंना डॉक्टर अडवू शकले नव्हते, मुलगा अडवू शकत नव्हता. एकच गोष्ट त्यांना थांबवू शकली असती, आणि ती फक्त रजनीला ठाऊक होती.

"फोन स्पीकरवर टाका. आई, पळी खाली ठेवा. ती गंगा नाही. नळाचं पाणी आहे, मी घरी भरलेलं. दर वर्षी मी तेच दिलं."



"सुधाकर," सासूबाई म्हणाल्या, "खरं का रे हे?"

रजनीनं डोळे मिटून घेतले. तो एक शब्द खरा बोलला असता तरी सगळं संपलं असतं.

"हो आई," तो अडखळत म्हणाला. "हा गडू तिनंच भरलाय."

पळी ताम्हनात पडल्याचा आवाज आला. रजनीचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे यांच्या तोंडात शेवटी..."

"तेही नळाचंच, आई."

ताम्हन दूर सरकवल्याचं ऐकू आलं. मग त्या म्हणाल्या, "आता येताना काही आणू नकोस."