गोठ्यातला नियम

आमच्याकडे लेक आत्याच्या घरी दिली म्हणजे दुधात साखर. मीही तशीच दिलेली. माझी आत्या हीच माझी सासू. मग थोरली लेक वर्षाच्या आतच पांढरीफटक पडली आणि तिला रक्त चढवावं लागलं. तेव्हापासून देवणी–लातूर एस.टी. हे आमचं दुसरं घर झालंय.

आत्याचं निदान पक्कं. "पोटुशी असताना गिराणात भाजी चिरली असशील."

"त्या दिवशी तूच मला निजवून ठेवलं होतंस की."

"मग कूस बदलली असशील," ती म्हणाली. कपाळ माझं!

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा भांडायचीही ताकद राहिली नाही. वारेचा बारका अंश काढून हैदराबादला तपासायला पाठवला होता. त्या दिवशी लातूरच्या दवाखान्यात नवरा लेकीच्या उशाशी बसला, कारण तिला रक्त चालू होतं. डॉक्टरीणबाईंसमोर मी आणि माझे वडील.

बाई समजावून सांगू लागल्या. शरीर आपल्या जनुकांची सारखी नक्कल करत असतं. कधी ती चुकते, किरणांनी, रसायनांनी, पुष्कळदा तर उगीचच. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही. तुमच्या घराण्यातली ही चूक जुनी दिसते. एक जनुक आईकडून येतं, एक बापाकडून. त्यातलं एक धड असलं तरी माणूस ठणठणीत राहतो, दोन्ही बिघडलेली आली तर मात्र रक्त नीट बनत नाही. तुम्हा नवराबायकोचे आजोबा एकच, म्हणून दोघांकडेही तेच बिघडलेलं आलं असणार. आता पोटातल्या बाळाला चारांत एक धोका.

वडील देवणी जातीची जनावरं राखतात. गावात कुणाची गाय माजावर आली की त्यांच्याच दारात वळूकडं आणतात.  परतीच्या एस.टी.तून देवणीत उतरता उतरता ते म्हणाले, "वळूच्या कालवडी माजावर यायच्या आधी मी वळू बदलतो. लेकीवर बाप नको, बहिणीवर भाऊ नको. वासरं अधू निघत्यात. माझ्या बापानं शिकवलं मला." मग पिशवी उचलून पुढं चालू लागले.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते माझं मला ठाऊक. मला त्या बाळाची भीती वाटायची. पोटावर हात ठेवायचेच नाही, जीव लागेल म्हणून. लेक विचारायची, "बाळालाबी सुई टोचणार का गं?" मी चुलीकडं तोंड फिरवायचे. फोन वाजला की तो नवऱ्याच्या हातात द्यायचे.

शेवटी फोन आला. एकच जनुक बिघडलेलं होतं, आमच्या दोघांसारखं. बाळ धडधाकट राहणार होतं. मी तिथंच ओसरीवर बसून हमसून हमसून रडले.

आत्यानं देवापुढं नारळ फोडला, माझ्या तोंडात साखर घातली आणि तेवढ्याच लगबगीनं, बातमी ऐकून आलेल्या वडलांना म्हणाली, "पोरगी झाली तर माझ्या लेकीच्या पोराला हाय बरं का. आत्ताच सांगून ठेवते."

वडलांनी थोरल्या बहिणीचा शब्द जन्मात मोडला नव्हता. त्यांनी हातातला खोबऱ्याचा तुकडा ताटात परत ठेवला.

"न्हाई अक्का," ते म्हणाले. "गोठ्यात जे करत न्हाई, ते घरात एकदा केलं. आता बास."