बाबांसाठी नहाणी ट्रॅप

बाबा मानपाड्याच्या बाजूला एका रंगाच्या कंपनीत होते. संध्याकाळी घरी येऊन मोरीत बसले की आज कंपनीत कुठला रंग झाला ते पाण्यावरून कळायचं. कधी निळं, कधी लालभडक. पाणी स्वच्छ जाईपर्यंत ते अंग घासायचे आणि शेवटी बादलीत उरलेलं पाणी एकदम अंगावर उपडं करायचे. त्याशिवाय अंघोळ झाली असं ते धरत नसत. रिटायर झाले, रंग गेला, पण बादली उपडी करायची सवय राहिली.

मागच्या वर्षी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय ओढत का होईना, चालायला लागले, पण कोपर स्टेशनजवळच्या आमच्या घरातल्या मोरीचा वीतभर कट्टा त्यांना ओलांडता येईना. मी आणि आई दोन्हीकडून धरून त्यांना आत बसवायचो. एक दिवस ते म्हणाले, "भांडी ठेवल्यासारखं ठेवता मला मोरीत." त्यानंतर अंघोळच नको म्हणायला लागले. आई ओल्या फडक्यानं अंग पुसायची, तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून बसायचे.

मोरी फोडून नवीन बाथरूम करायचं मी ठरवलं. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. लाइटबिलापासून दवाखान्यापर्यंत सगळं माझ्याकडे येतं, आणि ते मला आवडतं, खोटं कशाला बोलू. कट्टा काढायचा, बाबा आपले आपण आत जातील, स्टुलावर बसून अंघोळ करतील. पण कट्टा गेल्यावर पाणी अडवणार कोण? सगळं येऊन ठेपलं नहाणी ट्रॅपवर. म्हणजे जाळीखाली जमिनीत बसवतात ते भांडं. त्यातून पाणी पाइपात जातं आणि थोडं आत साठून राहतं, म्हणून गटाराचा वास वर येत नाही.

दुकानदारानं बारीक फटीचा, उथळ, चकचकीत स्टीलचा ट्रॅप पुढे केला. "मॅडम, आता हाच चालतो. दिसत पण नाही."

"बादलीभर पाणी एकदम ओतलं तर?"

"एकदम कोण ओततं? शॉवर लावा ना."

"माझे वडील ओततात."

"मग त्यांना सांगा, हळू ओता."

"तुम्ही येता का सांगायला?"

तो हसला आणि मागच्या फळीवरून रुंद तोंडाचा, खोल ट्रॅप काढला. प्लास्टिकचा, दिसायला ओबडधोबड. मी तोच घेतला.

प्लंबर म्हणाला, "ताई, हा खोल आहे, फरशी वर येईल. छोटासा कट्टा ठेवू या."

"कट्टा नाही," मी म्हटलं. मग त्यानं फरशीखालचा विटांचा भराव आणखी खणला आणि ट्रॅप दारापासून लांबच्या कोपऱ्यात बसवला. फरश्या चिकटवण्याआधी नुसत्या मांडून मी त्यावर बादली उपडी केली. पाणी कोपऱ्याकडे धावलं, पण त्यातलं थोडं दाराशी येऊन थांबलं.

"उतार कमी आहे," बाबा खाटेवरून म्हणाले. कितीतरी दिवसांत ते अंघोळीबद्दल पहिल्यांदाच बोलले होते. प्लंबरनं फरश्या उचलल्या, उतार वाढवला. मी परत बादली ओतली. या खेपेला दार कोरडं राहिलं.

सिमेंट वाळल्यावर बाबा भिंतीला धरून आत गेले आणि दार लोटून घेतलं. आई टॉवेल घेऊन बाहेर उभी, मी फडकं घेऊन. आतून तांब्याचा आवाज येत होता. बराच वेळ. मग उजव्या हातानं स्टुलाशेजारची बादली कलंडवल्याचा आवाज आला. मी दाराखालच्या फटीकडे बघत राहिले. तिथं पाणी आलं नाही. कोपऱ्यात ट्रॅपनं मोठा घोट घेतला आणि गप्प झाला.

"झालं का हो?" आईनं विचारलं.

"थांब जरा," बाबा म्हणाले. "पाणी जातंय ते बघतोय."

आम्ही थांबलो.