मध्ये बोलू नका

माझ्या वरच्या मजल्यावरच्या सरांना अर्धांगवायू झाला, तेव्हापासून सहा वर्षं एकच बाई त्यांचं सगळं करते. आम्ही तिला ताई म्हणतो. माझ्या यजमानांचं शेवटचं वर्षही तिनेच निभावलं होतं. लोकांची आजारपणं काढता काढता तिची कंबर कामातून गेली आहे.

सरांचं बोलणं तिच्याशिवाय कुणालाच कळत नाही. ते नुसते ‘अं’ म्हणाले, तरी पाणी हवं की पंखा, हे तिला समजतं. गावातले निम्मे लोक सरांचे विद्यार्थी. त्यांना आपलं वाकडं तोंड दिसू नये, म्हणून सर सहा वर्षांत उंबऱ्याबाहेर पडले नव्हते.

पुतण्या दरमहा सरांच्या नावाने चेक पाठवतो. सर डाव्या हाताने मागे सही करून तो ताईच्या नावे करतात. तोच तिचा पगार. या महिन्यात बँकेने चेक परत केला. सही जुळत नाही, सरांनी ओळखपत्र घेऊन स्वतः यावं.

“काकू, घरभाडं थकलंय,” ती मला म्हणाली. “पण त्यांना चला म्हणायला जीभ रेटत नाही हो.”

अखेर तिने विचारलं असावं. मंगळवारी मी बँकेत पेन्शनच्या रांगेत होते, तेव्हा ती सरांना चाकाच्या खुर्चीवरून घेऊन आली.

“जन्मतारीख?” काउंटरवरच्या मुलीने विचारलं. सर काहीतरी बोलले. ताईने ते स्पष्ट करून सांगितलं.

“पैसे तुम्हाला मिळणार आहेत ना बाई? मग तुम्ही मध्ये बोलू नका.”

सर पुन्हा बोलले. पुन्हा. हनुवटीवर लाळ ओघळली.

“पुसू का?” ताईने रुमाल काढत विचारलं. “की तेही मध्ये बोलणं होतं?”

“अहो, सरच आहेत ते,” माझ्या मागचा टकला दुकानदार म्हणाला. “यांच्या हातचा मार खाल्लाय मी.”

“ती साक्ष चालत नाही, काका.”

चौथ्या खेपेला मुलीला साल कळलं. तिने ओळखपत्रावरचा फोटो दोनदा पाहिला, समोर पुन्हा सही करून घेतली आणि शिक्का मारला.

बाहेर आल्यावर सर बराच वेळ काही सांगत होते.

“काय म्हणतात गं?”

“पुढच्या महिन्यात दाढी करून आणा म्हणतात.” ती मटकन पायरीवर बसली. “म्हणजे आता दर महिन्याला हे आलंच, काकू.”

जरा वेळाने ती कंबर धरून उठली आणि खुर्ची ढकलू लागली.