पाळीवरचं गवत

फुलचूरला माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे आणि ते मी झकास चालवते. आधीच सांगून टाकते, कारण नम्रपणा मला जमत नाही. नवीन गिऱ्हाईक आलं की माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर बघून आत डोकावतं आणि विचारतं, "भैया नहीं है क्या?" मी म्हणते, "भैया मैं ही हूँ, बोलो." पुढच्या खेपेला तेच गिऱ्हाईक शेजाऱ्यालाही घेऊन येतं.

त्यातल्या कितीतरी जणांची मागणी एकच. संगणक हळू झालाय, पडद्यावर लाल अक्षरांत इशारा आलाय, रजिस्ट्रीत शेकडो चुका सापडल्यात, तर "मॅडम, वो सफाईवाला सॉफ्टवेअर डाल दो, पैसेवाला." मी साफ नाही म्हणते. पैसे देऊन नाही आणि फुकटही नाही. दारी आलेल्या लक्ष्मीला परत पाठवते म्हणून नवरा चिडवतो, पण मी ऐकत नाही. आणि मग एक दिवस ते सॉफ्टवेअर माझ्याच माहेरी शिरलं.

माहेर बोदलकशाकडचं. आमचं घराणं तलाव बांधणारं. गावचा तलाव आमच्या पूर्वजांनी बांधला आणि त्याची राखण अजून बाबांकडे आहे. पाळ, म्हणजे तलावाचा मातीचा बांध, कुठे खचणार, हे ते त्यावरून नुसतं चालत जाऊन सांगतात. हे ज्ञान बापाकडून मुलाकडे जायचं. पोरीला कोण शिकवणार? उन्हाळ्यात तलाव आटला की गाव मिळून गाळ काढतं, तेव्हा गाळाचं पहिलं टोपलं आमच्या घरच्या पुरुषानं उचलायचं, ही रीत. मी लहानपणापासून ते पाळीवरून बघत आलेय. मला भाऊ नाही. बाबांनंतर ते टोपलं चुलत्यांकडे जाणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

बाबांचा गाळ काढण्यावर भारी विश्वास. शेतात पीक येईना, गाळ टाका. पोट बिघडलं, एरंडेल घ्या, आतला गाळ काढा. तर अशा माणसाला मी माझा जुना संगणक नेऊन दिला. तलावाची सगळी हकीकत त्यांना लिहायची होती आणि गाळ काढायच्या दिवशी गावापुढे वाचायची होती. दोन बोटांनी, ओठ मिटून ते टाइप करायचे. ते बघताना माझी छाती फुगायची. गावात त्यांच्या वयाचं दुसरं कोणी कळफलकाला हात लावत नव्हतं.

एक दिवस बाबांचा फोन आला. "बाई, मराठी गेली. दाबून राहिलो तं इंग्रजीच उमटून राहिली."

रविवारी मी गेले. संगणकावर आईचं जुनं लुगडं टाकलेलं होतं. बाबा म्हणाले, "घेऊन जा. हे आमच्या हातचं काम नाई."

बाबांनी एकदा हात काढला की काढला. एकदा मोपेडवरून पडले, ती आजही गोठ्यात उभी आहे. आता हकीकत अर्धीच राहणार होती, आणि ती दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हती.

"पण तुमी केलं काय, बाबा?"

"गाळ काढला. लय गाळ हाय म्हणे आतमंदी. लाल लाल दाखवे. मंग ते सफाईवालं घेतलं आन् सारा काढून टाकला."

आता आलं लक्षात. त्या सफाईवाल्या सॉफ्टवेअरनं मराठी टाइपिंगच्या जुन्या प्रोग्रामच्या नोंदीही कचऱ्यात काढल्या होत्या. नशीब की संगणक आधीच्या स्थितीत परत नेण्याची सोय मी चालू ठेवली होती. ती वापरली. थोड्या वेळानं 'तलाव' हा शब्द पडद्यावर मराठीत उमटला. लिहिलेलं सगळं जिथल्या तिथे होतं. बाबा मात्र खुर्चीकडे फिरकेनात.

मी समजावलं. रजिस्ट्री म्हणजे संगणकाची आठवण, कोणता प्रोग्राम कुठे आहे, कळफलक कसा चालवायचा, याची. जुन्या नोंदी पडून असतात, पण त्या कोणाच्या वाटेत येत नाहीत. काढल्यानं वेग वाढत नाही. चुकून कामाची उपटली तर मात्र पंचाईत.

बाबा म्हणाले, "म्हंजे पाळीवरचं गवत."

आमच्या घरी पाळीवरचं गवत मुळासकट उपटलं की पाठीत धपाटा बसायचा, मीही खाल्लाय. परक्याला तो कचरा वाटतो. पण त्याच्या मुळांनी माती धरलेली असते.

"तं मंग मशीन हळू काऊन चालते?" त्यांनी विचारलं आणि आपण होऊन खुर्ची ओढली.

मी संगणकाचा डबा उघडला. पंख्यावर धुळीचा थर बसला होता. "हा पाहा गाळ!" बाबा लहान पोरासारखे हसले आणि आईचा रंगाचा ब्रश घेऊन स्वतः तो झाडायला बसले. सुरू होतानाच धावणारे नको ते प्रोग्राम मी बंद केले, जुन्या हार्ड डिस्कवरचं सगळं नव्या, वेगवान डिस्कवर उतरवून ती बसवली. सफाईवालं सॉफ्टवेअर बाबांनी स्वतःच्या हातानं काढून टाकलं.

हकीकत पुरी झाली. तलाव आटला, गाव जमलं आणि बाबांनी ती पाळीवर उभं राहून वाचली. वाचून झाल्यावर एका शेजाऱ्यानं विचारलं, "काका, माह्या लॅपटॉपले ते सफाईवालं इकत घेऊ का?"

"पाळीवरचं गवत उपटाले पैसे कायले देतं गा?" बाबा म्हणाले.

मग रीतीप्रमाणे टोपलं भरलं गेलं. चुलते पुढे झाले. बाबांनी हातानं त्यांना थांबवलं आणि बायकांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं.

"ये वं बाई, उचल." मग गावाकडे वळून म्हणाले, "काय काढाचं आन् काय ठेवाचं, ते हिले समजते."

मी पदर खोचला आणि तळ्यात उतरले. टोपलं चांगलंच जड होतं. एक चुलता मदतीला आला, त्याला मी हात लावू दिला नाही.